डहाळी पालथी करून बघा

दोन पावसाळे मी भुईआवळीला चिंचेचं रोप समजत होते. वाटेच्या कडेला, भिंतीच्या फटीत, कुणाच्या कुंडीत, जिथे बघावं तिथे ते वीतभर हिरवं उगवलेलं असायचं. दोन्ही बाजूंना बारीक पानांच्या ओळी, अगदी चिंचेसारख्या. इतके चिंचोके इथे टाकतंय कोण, असा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नाही.

गवत काढणाऱ्या एका मावशींसमोर मी माझं हे ज्ञान पाजळलं. त्यांनी विळा खाली ठेवला, एक डहाळी धरून पालथी केली आणि माझ्या नाकासमोर आणली. खालच्या अंगाला प्रत्येक पानापाशी मोहरीपेक्षा जरा मोठा हिरवा मणी. सगळे ओळीनं लटकलेले.

"चिंचेला असली फळं धरत्यात व्हय? भुईआवळी हाय ती."

मावशी पुन्हा कामाला लागल्या. मी मात्र तिथेच बसून भिंग काढलं. (दहापट दाखवणारं छोटं भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि पान जवळ आणायचं. मी आधी भिंगच पानावर धरायचे, उलटा कारभार.)

त्या मण्यांची गोम नंतर कळली. पान खोडाला जिथे जुळतं त्या बेचक्यात डोळा असतो. फांदी, कळी, फळ जे यायचं ते बहुधा तिथूनच. संयुक्त पानाच्या पर्णिकेच्या बेचक्यात मात्र डोळा नसतो. चिंचेच्या त्या बारीक हिरव्या टिकल्या म्हणजे पर्णिका, सगळ्या मिळून एक पान. भुईआवळीची प्रत्येक टिकली मात्र स्वतंत्र पान, आणि ज्याला मी पान म्हणत होते ती चक्क फांदी! तेव्हापासून अनोळखी झाड दिसलं की मी आधी बेचकं शोधते. फुलाकडे सगळ्यात शेवटी बघते, कारण फूल एकदा डोळ्यांत भरलं की बाकीचं काही दिसत नाही.

पानं समोरासमोर की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, देठ तोडल्यावर चीक येतो का, पान चुरगळल्यावर वास कसला. एवढं बघितलं तरी निम्मे उमेदवार गळतात. पण नियमांवर फार विसंबू नये. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं म्हणजे तुळशीचं कुळ, हे पाठ करून मी मिरवत होते. घाणेरीनं तोंडावर पाडलं. तिचंही खोड चौकोनी, पानंही समोरासमोर, पण कुळ वेगळं. वर एकाच गुच्छात मध्ये पिवळी आणि कडेला गुलाबी फुलं. ती दोन जातींची नव्हेत. कडेची आधी उमलतात आणि वयानं रंग बदलतात.

एकदांडी मला आवडते ती नावासाठी. लांबलचक एका दांड्यावर एकच फूल, म्हणून एकदांडी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 साली दिलेलं शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, त्यातलं प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारी. एकानं दांडा पाहिला, दुसऱ्यानं अंग. खरं तर ते 'एकच फूल' हा फुलांचा घोळका आहे, आणि कडेच्या पाकळीसारख्या फुलांच्या टोकाला बहुतेकदा तीन दाते असतात. माकाही त्याच कुळातला, पण तो शोधायचा तर ओल शोधावी लागते. म्हणून वहीत नावाआधी जागा लिहिते: ओल, सावली, मुरूम, शेजारी कोण. मोबाइलचं ॲप दुसरं मत म्हणून ठीक. फुलाशिवाय फोटो दिला की तेही माझ्यासारखंच चिंच म्हणून मोकळं होतं.

चव घेऊन ओळखायच्या भानगडीत मात्र पडू नका. गुंजेची सुंदर लाल-काळी बी आणि कळलावीचा कंद, दोन्ही जीवघेणे. कळलावी फुलाविनाही कळते म्हणा, पानाचं टोकच लांबून आधाराला वेटोळं घालतं.

सध्या कुंपणावरच्या एका वेलीकडे माझ्या फेऱ्या चालू आहेत. पानं समोरासमोर, देठाला पांढरा चीक, पाच महिन्यांत फूल नाही. वहीत तिचं नाव 'कुंपणावरची चीकवाली'. गेल्या आठवड्यात वरून तिसऱ्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी फुगलेलं दिसलं. भिंगातूनही कळी की फांदी ते ठरेना. रविवारी पुन्हा जाईन.