उंच पोट्ट्याला रिंगखाली उभं करण्याआधी डर्क नोवित्स्की बघा

आपल्याकडे बास्केटबॉलच्या ग्राउंडवर एखादा पोट्टा आठवी-नववीतच सहा फुटाचा झाला की त्याचं पुढचं सगळं ठरूनच जातं. तू रिंगखाली उभा राहा, बॉल आला की वर टाक, बस. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, बुटक्या पोरांनी करायचं, लांबून शॉट बुटक्या पोरांनी मारायचा आणि हा हात वर करून उभा. मी शिवाजीनगरकडे संध्याकाळी पोरांना शिकवतो, मे महिन्यात समर कॅम्प असतो तेव्हा सकाळी सहाला, कारण आठनंतर नागपूरच्या उन्हात त्या सिमेंटवर उभं राहवत नाही, आणि दरवर्षी हेच बघून राहिलो. आईवडील पण येतात आणि हेच म्हणतात, सर याची हाइट मस्त आहे, याला सेंटर, म्हणजे रिंगखालचा उंच खेळाडू, करून टाका. मग दोन-तीन वर्षांत बाकीची पोरंही उंच होतात, याची उंची तिथंच थांबते, आणि याला ना ड्रिबल येत ना शॉट, अकरावीत गेला की खेळच सुटतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून आज डर्क नोवित्स्कीबद्दल लिहायचं आहे. आमच्या कोर्टवरच्या पोरांना करी माहीत आहे, लेब्रॉन माहीत आहे, डर्कचं नाव घेतलं की चेहरे कोरे. सात फूट उंचीचा जर्मन माणूस, एनबीएमध्ये म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये २१ सीझन खेळला, सगळे एकाच टीमकडून म्हणजे डॅलस मॅव्हरिक्सकडून, आणि ३१,५६० पॉइंट करून २०१९ मध्ये रिटायर झाला तेव्हा सगळ्यांत जास्त पॉइंट करणाऱ्यांच्या यादीत सहावा होता. आता सात फुटाचा माणूस म्हटल्यावर आपल्याला वाटेल हे सगळं रिंगखाली धक्काबुक्की करून जमवलं असेल, तर तसं अजिबात नाही, त्याचा धंदाच मुळात लांबून जंप शॉट मारायचा होता. २००६ मध्ये ऑल-स्टारच्या, म्हणजे निवडक स्टार खेळाडूंच्या मॅचच्या, वेळची थ्री-पॉइंट स्पर्धा, म्हणजे लांबच्या रेषेमागून शॉट मारायची, यानं जिंकली होती. सात फुटाचा माणूस, थ्री-पॉइंट स्पर्धा!

हे आलं कुठून ते सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. १९७८ चा जन्म, जर्मनीतलं वुर्झबर्ग नावाचं शहर. वडील हँडबॉल खेळायचे, आई जर्मनीकडून बास्केटबॉल खेळलेली, बहीणही खेळाडू, आणि हा लहानपणी हँडबॉल आणि टेनिस खेळायचा, बास्केटबॉल नंतर आलं. पोरगा काडीसारखा बारीक आणि उंच. तिथल्या एका मॅचमध्ये त्याला होल्गर गेश्विंडनर नावाच्या माणसानं पाहिलं. हा होल्गर १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या टीमचा कॅप्टन होता आणि गणित-फिजिक्सवाला माणूस. त्यानं विचारलं की तुला बेसिक कोण शिकवतं, तर उत्तर आलं कोणीच नाही. तिथून जे सुरू झालं ते डर्क रिटायर होईपर्यंत चाललं. एक कोच, एक खेळाडू, आणि राटेल्सडोर्फ नावाच्या छोट्या गावातला एक साधा हॉल, जिथे डर्क एनबीएचा स्टार झाल्यावरही उन्हाळ्यात परत जाऊन तेच तेच शॉट मारत राहायचा.

होल्गरनं काय केलं तर शॉटला गणिताचा प्रश्न म्हणून घेतलं. हे जरा सविस्तर सांगतो कारण मी पोरांना हेच खडूनं कोर्टवर काढून दाखवतो आणि त्यांना ते लगेच पटतं. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, आणि सात नंबरच्या बॉलचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर. म्हणजे सरळ वरून पाहिलं तर जागाच जागा आहे, पण बॉल काही सरळ वरून येत नाही ना, तो तिरका येतो, आणि जितका सपाट येईल तितकी रिंग त्याच्यासाठी अरुंद होत जाते. ३० अंशाच्या कोनात खाली येणाऱ्या बॉलला रिंग फक्त साडेबावीस सेंटिमीटरची मिळते, म्हणजे बॉलपेक्षा लहान, तो क्लीन जाऊच शकत नाही, रिंगला आपटणारच. ४५ अंशाला तीच जागा ३२ च्या आसपास होते आणि ६० अंशाला ३९. म्हणून बॉल उंच उडवायचा. आमच्याकडे पोरं फेकल्यासारखा सपाट बॉल मारतात आणि रिंगच्या पुढच्या कडेला ठण्णकन लागून तो परत येतो, तेव्हा पोरांना वाटतं जोर कमी पडला, आणि मग अजून जोरात, अजून सपाट मारतात. जोराचा प्रश्नच नसतो तो. बोटं पसरून बॉल धरायचा, कोपर बॉलखाली, गुडघ्यातून ताकद घ्यायची आणि सोडताना हात वरच्या दिशेनं पूर्ण सरळ. डर्कचा शॉट स्लो करून बघा, बॉल सोडल्यावर त्याचा हात अक्षरशः छताकडे बोट दाखवून राहिलेला असतो. त्यात सात फूट उंची आणि थोडं मागे झुकणं, आता अडवणारा कोण पोहोचणार तिथे?

आणि नुसता शॉट नाही. होल्गरनं त्याला नाव वल्हवायला लावलं, फेन्सिंग करायला लावलं, सॅक्सोफोन शिकायला लावला, पुस्तकं वाचायला लावली, आणि वजनं उचलून शरीर फुगवण्याच्या मागे लावलं नाही. फेन्सिंग का तर पायांसाठी. मला हा भाग सगळ्यांत भारी वाटतो, कारण आपल्याकडे उंच पोराच्या पायांकडे कोणी बघतच नाही, सगळं लक्ष हाताकडे.

मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनिओला ज्युनियर खेळाडूंची मॅच झाली, अमेरिका विरुद्ध बाकी जग, त्यात या १९ वर्षांच्या पोरानं ३३ पॉइंट आणि १४ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल पकडणं) काढले आणि एका दिवसात सगळ्यांना नाव कळलं. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, मिलवॉकीच्या टीमनं त्याला नवव्या नंबरवर घेतलं आणि लगेच डॅलसला देऊन टाकलं. त्याच उन्हाळ्यात डॅलसनं स्टीव्ह नॅश नावाच्या खेळाडूलाही आणलं. दोघांची पहिली वर्षं काही खास नव्हती, डर्कचा पहिल्या सीझनचा सरासरी स्कोअर ८.२, लोक म्हणायला लागले की हा सॉफ्ट आहे, युरोपातून आलेला मोठा माणूस लांबून शॉट मारत बसतो, डिफेन्स येत नाही वगैरे. हा 'सॉफ्ट' शिक्का पुढे तेरा वर्षं त्याच्या पाठीला चिकटून राहिला. कोच डॉन नेल्सननं मात्र त्याला आत ढकललं नाही, बाहेरूनच मारू दिलं. असा कोच मिळणं हे पण नशीबच, बाप्पा.

नंतर टीम चांगली झाली, मधे २००४ मध्ये नॅश सोडून गेला, तरी २००६ ला डॅलस फायनलला पोहोचली. फायनलमध्ये आधी चार मॅच जिंकेल तो चॅम्पियन, आणि मायामीविरुद्ध पहिल्या दोन जिंकल्या. तिसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या क्वार्टरला १३ पॉइंटची लीड होती, ती गेली, आणि अगदी शेवटी डर्कला दोन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर कोणी न अडवता मारायचे शॉट) मिळाले, पहिला आत गेला, दुसरा चुकला. मॅच गेली. मग सलग अजून तीन मॅच गेल्या, मायामी ४-२ नं चॅम्पियन. पुढच्या वर्षी तर अजून वाईट. २००६-०७ ला डॅलसनं ८२ पैकी ६७ मॅच जिंकल्या, डर्क त्या सीझनचा एमव्हीपी म्हणजे सगळ्यांत मोलाचा खेळाडू, युरोपात जन्मून वाढलेला पहिलाच एमव्हीपी, आणि प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच राउंडमध्ये आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटनं त्यांना घरी पाठवलं. एमव्हीपीची ट्रॉफी द्यायचा कार्यक्रम झाला तेव्हा टीम बाहेर पडलेली होती. तो फोटो बघा कधी, हातात ट्रॉफी आहे आणि चेहऱ्यावर आनंद शोधावा लागतो. त्या उन्हाळ्यात तो होल्गरला घेऊन ऑस्ट्रेलियात भटकायला निघून गेला. मला तर वाटतं त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर टीम बदलली असती.

आता २०११. हे सांगताना मी अजूनही एक्साइट होतो. कोणी डॅलसला धरतच नव्हतं. दुसऱ्या राउंडला आदल्या वर्षीच्या चॅम्पियन लेकर्सना ४-० नं साफ केलं, मग ओक्लाहोमाविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये डर्कचे ४८ पॉइंट, त्यात २४ फ्री थ्रो मारले आणि २४ च्या २४ आत. फायनलला पुन्हा मायामी, आता तिथे ड्वेन वेड या त्यांच्या स्टारच्या जोडीला लेब्रॉन आणि ख्रिस बॉश. पहिल्या मॅचमध्येच डर्कच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटला आणि डॅलस मॅचही हरली.

दुसऱ्या मॅचमध्ये सात मिनिटं राहिली असताना मायामी १५ नं पुढे. संपली होती मॅच. तिथून डॅलस चढत चढत आली, टीमचे शेवटचे नऊच्या नऊ पॉइंट डर्कचे, आणि जिंकवणारा बास्केट कसा तर बॉश समोर, डर्कनं ड्रिबल करत त्याला मागे टाकलं, आत घुसला आणि डाव्या हातानं लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद टाकलेला बॉल. डाव्या हातानं, ज्या हाताचं बोट तुटलं होतं आणि पट्टी बांधलेली होती! ९५-९३. आता मला सांगा, याला लहानपणी कोणी रिंगखालीच उभं केलं असतं तर साडेतीन सेकंद राहिलेले असताना त्याला बॉश समोर बॉल घेऊन पळता आलं असतं का?

चौथ्या मॅचला अंगात १०१ ताप, तरी २१ पॉइंट, त्यातले १० शेवटच्या क्वार्टरमध्ये, मॅच ८६-८३ नं जिंकली. सहाव्या मॅचमध्ये पहिल्या हाफला १२ शॉट मारले आणि फक्त एक आत गेला, तेव्हा टीममधल्या जेसन टेरीनं टीमला धरून ठेवलं, आणि शेवटच्या क्वार्टरला डर्क परत आला. डॅलस ४-२ नं चॅम्पियन, मायामीच्याच कोर्टवर. बझर वाजायच्या आसपास डर्क कोर्टवरून सरळ आत निघून गेला, रडायला. त्या पूर्ण फायनलमध्ये त्यानं ४६ फ्री थ्रो मारले आणि ४५ आत गेले. २००६ चा तो एक फ्री थ्रो ज्यांनी पाहिला असेल त्यांना या आकड्याची किंमत कळेल. फायनलचा एमव्हीपी तोच.

त्याचा तो एका पायावरचा फेडअवे, म्हणजे मागे झुकत मारलेला शॉट, पण सांगितलाच पाहिजे. उजवा गुडघा वर, डाव्या पायावर उडी, शरीर मागे, बॉल डोक्याच्या वरून. गुडघ्यामुळे समोरच्याला जवळच येता येत नाही. नंतर लेब्रॉन, ड्युरंट, योकिच अशा मोठ्या खेळाडूंनी तो उचलला. डॅलसच्या स्टेडियमबाहेर २०२२ च्या ख्रिसमसला त्याचा पुतळा बसवला तो याच शॉटचा. पण आमचे पोट्टे काय करतात, व्हिडिओ बघून डायरेक्ट एका पायावर सुरू होतात, दोन पायांवर बॅलन्स नाही आणि चालले. असं नका करू रे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०१४ मध्ये लेकर्स आणि ह्यूस्टन त्याला साधारण ९७ मिलियन डॉलर द्यायला तयार असल्याच्या बातम्या होत्या, यानं डॅलसकडून तीन वर्षांचे २५ मिलियन घेतले, टीमला दुसरे प्लेअर घेता यावेत म्हणून. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या महान लोकांच्या मानाच्या यादीत, गेला, आणि त्याच बॅचमध्ये ड्वेन वेड पण होता.

आता नागपूरच्या कोचेसना आणि आईवडिलांना माझं एवढंच म्हणणं आहे की पोरगं उंच असेल तर त्याला पहिली दोन वर्षं सगळं शिकवा, डाव्या हातानं ड्रिबल, पिव्हट (एक पाय रोवून वळणं), पास, फ्री थ्रो, सगळं. पोझिशन नंतर बघू. इंटर-स्कूलची एखादी मॅच हरलो तर हरलो, उंच पोराला रिंगखाली ठेवून चौदा वर्षांखालची ट्रॉफी मिळते हे मला माहीत आहे, ती मोहात पाडणारी गोष्ट आहे, पण त्या ट्रॉफीची किंमत तो पोरगा देतो. आणि शॉट शिकवताना सुरुवात रिंगपासून तीन-चार फुटांवरून करा, पोरं थ्री-पॉइंट लाइनवर पळतात पण तिथे फॉर्म बिघडतो. जवळून उंच, मऊ, मग एकेक पाऊल मागे.

ज्यांना डर्क बघायचाच आहे त्यांनी हायलाइट्स नंतर बघा, आधी २०११ च्या फायनलची दुसरी मॅच शोधा आणि शेवटची सात मिनिटं पूर्ण बघा. पहिल्यांदा बॉल बघाल, ठीक आहे. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा बॉल सोडून फक्त त्याचे पाय बघा.