नुसत्या सह्यांनी कायदा होतो का?

"तुमच्याकडे युरोपात दहा-पंधरा लाख लोक सह्या करतात आणि कोंबड्यांसाठी कायदा होतो म्हणे. खरं आहे का हे? आणि ब्रुसेल्समधल्या त्या संस्था नेमकं करतात तरी काय?" पुण्याला आले की प्राण्यांसाठी राबणारी मंडळी मला हे हमखास विचारतात. मी बेल्जियममध्ये राहते आणि नोकरी सांभाळून इथल्या एका छोट्या संस्थेचं काम करते. घाईघाईत दोन वाक्यांत उत्तर दिलं की रुखरुख लागून राहते. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहिते.

नुसत्या सह्यांनी कायदा होत नाही. सह्यांमुळे युरोपीय आयोगाला, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेला, उत्तर द्यावं लागतं, एवढंच. युरोपीय संघात कायद्याचा मसुदा मांडायचा अधिकार जवळपास सर्वस्वी आयोगाकडे असतो. युरोपीय संसदेचे खासदार त्यात दुरुस्त्या सुचवतात, मंजूर-नामंजूर करतात, पण स्वतः विधेयक आणू शकत नाहीत. म्हणून नागरिकांसाठी एक वाट ठेवली आहे: सात देशांतल्या सात जणांची समिती, एक वर्षाची मुदत, दहा लाख सह्या आणि किमान सात देशांत ठरवून दिलेला आकडा. प्रत्येक सही त्या त्या देशाचं सरकार तपासतं. बाजारात टेबल मांडून उभं राहिलं की माणसं आपुलकीनं थांबतात, पिंजऱ्यातल्या डुकरिणीचा फोटो बघून हळहळतात, आणि खासगी माहिती भरायची म्हटलं की पेन खाली ठेवून निघून जातात. त्यांना दोष देता येत नाही. पण त्यामुळेच यातली एकेक सही मिळवताना किती बोलावं लागतं, ते मला ठाऊक आहे.

पिंजरे बंद करा म्हणणारी मोहीम सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. 'कम्पॅशन इन वर्ल्ड फार्मिंग' ही संस्था पुढे होती आणि सोबत 170 संस्था. पीटर रॉबर्ट्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका दूध उत्पादक शेतकऱ्यानं 1967 मध्ये ती संस्था काढली. हे मी मुद्दाम सांगते, कारण प्राण्यांची बाजू घेणारे सगळे शेतीशी संबंध नसलेले शहरी लोक असतात, असा समज तिकडेही आहे आणि इकडेही. वर्षभरात जवळजवळ 14 लाख सह्या वैध ठरल्या. जून 2021 मध्ये संसदेनं 558 विरुद्ध 37 मतांनी ठराव केला, आणि त्याच महिन्यात आयोगानं शब्द दिला की 2023 संपायच्या आत पिंजरे हटवण्याचा मसुदा मांडू.

सह्या आणि शब्द यांच्या मधल्या काळात जे होतं, त्यालाच लॉबिंग म्हणतात. "म्हणजे पैसे चारतात का?" असंही मला विचारलं जातं. नाही. ब्रुसेल्समध्ये 'युरोग्रुप फॉर ॲनिमल्स' 1980 पासून आहे. देशोदेशीच्या संस्थांची ती शिखर संघटना. अशा संस्था आपलं नाव आणि खर्च एका सार्वजनिक नोंदवहीत दाखवतात. त्यांची माणसं दिवसभर कागद वाचत असतात. मसुदा आला की कोणत्या कलमातला कोणता शब्द प्राण्याच्या मुळावर येईल ते शोधायचं, बदली वाक्य लिहून काढायचं, ते मांडायला तयार असलेला खासदार गाठायचा आणि मतदानाच्या आधी बाकीच्या गटांच्या खासदारांना तो मुद्दा पटवायचा. प्राण्यांच्या प्रश्नांवर पक्षभेद विसरून भेटणारा खासदारांचा एक गट संसदेत 1983 पासून आहे. त्याच वर्षी सीलच्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी आली. दुसरीकडे सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद असते. तिथे ब्रुसेल्समधल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. मंत्री ऐकतो ते आपल्या देशातल्या मतदारांचं, म्हणून तिथे आमच्यासारख्या गावपातळीवरच्या संस्था लागतात.

हाताशी शास्त्र नसेल तर हे सगळं वाया जातं. कळवळ्यानं खासदार हेलावतो, पण समितीत त्याला विचारतात, "पुरावा काय?" इटलीतल्या पार्मा इथल्या युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2023 मध्ये अंड्यांच्या कोंबड्या पिंजऱ्यात ठेवणं टाळावं असं लेखी मत दिलं. माझ्या मते या लढ्यातला हा सगळ्यात वजनदार कागद आहे.

पिंजरा म्हणजे काय, तेही सांगते. जुन्या पिंजऱ्यात एका कोंबडीला 550 चौरस सेंटिमीटर जागा असायची. आपल्या ए-फोर कागदाहून कमी. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडं घालायला आडोसा नाही. या पिंजऱ्यांवर बंदी घालणारा निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांनी पाळायचा युरोपीय कायदा, 1999 मध्ये झाला आणि अंमल 1 जानेवारी 2012 पासून. बारा वर्षांहून जास्त मुदत मिळूनही त्या दिवशी 13 देश तयार नव्हते. आयोगानं त्यांना नोटिसा धाडल्या, पुढे इटली आणि ग्रीसला न्यायालयात खेचलं. तोवर कोणत्या देशात किती पिंजरे उरलेत याची विचारणा संस्थांनी चालूच ठेवली होती. आणि बंदी आली तरी 'सुधारित' पिंजरा राहिलाच: 750 चौरस सेंटिमीटर जागा, बसायला दांडी, थोडा आडोसा. तडजोड होती ती. मला ती आजही सलते.

इथे दुकानात अंडं उचललं की त्यावर शिक्का दिसतो. पहिला आकडा 0 असेल तर सेंद्रिय, 1 म्हणजे बाहेर मोकळ्यावर फिरणारी कोंबडी, 2 म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, 3 म्हणजे पिंजरा. 2004 पासून हे बंधनकारक आहे. गिऱ्हाईक 3 आकडा टाळायला लागलं आणि दुकानदारांची भाषा बदलली. 2021 मध्ये तर नेस्ले, युनिलिव्हर, फेरेरो, आयकिया अशा कंपन्यांनीच आयोगाला पत्र लिहून पिंजरे हटवा म्हटलं. खासदारावर अशा पत्राचा जो परिणाम होतो, तो आमच्या शंभर पत्रकांनी झाला नसता.

तरीही 2023 उलटलं आणि पिंजऱ्यांचा मसुदा आला नाही. डिसेंबरात आले ते प्राण्यांची वाहतूक आणि कुत्र्या-मांजरांची पैदास यांवरचे दोन प्रस्ताव. महागाई, युक्रेनचं युद्ध आणि 'कोपा-कोजेका' या बलाढ्य शेतकरी संघटनेचा विरोध, सगळं एकदम आलं. त्याच वर्षीच्या युरोपभरच्या पाहणीत 84 टक्के लोक म्हणाले होते की शेतातल्या प्राण्यांना आणखी संरक्षण हवं. दिलेला शब्द असा मागे टाकला गेल्याचा मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. मार्च 2024 मध्ये नागरिकांच्या समितीनं आयोगालाच युरोपीय न्यायालयात नेलं.

शेतकऱ्यांचा विरोध मात्र मी झटकून टाकत नाही. पिंजऱ्यांसाठी कर्ज काढलेल्या माणसाला ते उद्या मोडायला सांगायचे, आणि बाहेरच्या देशातली पिंजऱ्यातली स्वस्त अंडी बाजारात येऊ द्यायची, हा अन्यायच आहे. म्हणून आमच्या भागातल्या खासदारांना आम्ही जे पत्र धाडतो त्यात तीन मागण्या असतात: पिंजरे बंद होण्याची तारीख कायद्यातच लिहा, बदल करणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी पैसे द्या आणि आयात होणाऱ्या अंड्या-मांसाला हाच नियम लावा. कार्यालयातून साचेबंद उत्तर आलं तर त्यातलं कोणतं कलम टाळलंय ते बघून आम्ही पुन्हा लिहितो, आणि खासदार मतदारसंघात आले की कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला सोबत घेऊन भेटायला जातो.