बार्बाडोसमध्ये बेरिल हरिकेन : शाळेतील निवाराकेंद्रात काढलेली एक रात्र

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन येथील केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा आम्ही पाच जण प्रेक्षकांत होतो : मी, माझे पती, अकरा वर्षांची मुलगी आणि नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टोरांटोला आलेले सासू-सासरे. आमचे परतीचे विमान २ जुलैचे होते. सामन्यानंतरचे दोन दिवस समुद्रकिनारी शांतपणे घालवण्याचा बेत होता, परंतु त्यांपैकी एक रात्र आम्हाला एका शाळेच्या वर्गात, जमिनीवर अंथरलेल्या चादरींवर काढावी लागली. आमच्या ओळखीतील अनेक मराठी कुटुंबे कॅनडातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅरिबियन बेटांवर जातात आणि तोच काळ हरिकेनचाही, म्हणजे अटलांटिकमधील चक्रीवादळांचाही असतो, म्हणून आमचा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

अटलांटिकमधील हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. मोठी वादळे बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, त्यामुळे जूनअखेरीस आपल्याला काही धोका नाही असे आम्ही गृहीत धरले होते. बेरिलने तो अंदाज खोटा ठरवला. २८ जूनच्या रात्री त्याला नाव मिळाले, २९ तारखेच्या संध्याकाळी, म्हणजे आम्ही विजयाच्या आनंदात घरी परतत असतानाच, त्याचे हरिकेन झाले आणि रविवारी ३० जूनच्या दुपारपर्यंत ते पाचपैकी चौथ्या श्रेणीत पोहोचले. अटलांटिकमध्ये वर्षाच्या इतक्या आरंभी चौथ्या श्रेणीचे हरिकेन त्यापूर्वी नोंदले गेलेले नव्हते. बार्बाडोस हे कॅरिबियनमधील सर्वांत पूर्वेकडचे बेट आहे, त्यामुळे आफ्रिकेच्या बाजूने येणाऱ्या वादळाच्या आणि त्याच्या मधे आडवी येणारी जमीनच नाही.

येथे दोन शब्द नीट समजून घेणे आवश्यक आहे. 'हरिकेन वॉच' म्हणजे साधारण ४८ तासांत वादळी परिस्थिती उद्भवण्याची शक्यता, आणि 'हरिकेन वॉर्निंग' म्हणजे ती ३६ तासांत येईल असा अंदाज. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची मुख्य पत्रके बार्बाडोसच्या वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता निघतात, आणि इशारा लागू असताना मधल्या वेळांतही पत्रके येतात. समाजमाध्यमांवर दर मिनिटाला येणारे नकाशे पाहण्यापेक्षा ही पत्रके आणि स्थानिक हवामान खात्याच्या सूचना, एवढेच वाचावे. शनिवारी रात्री आम्ही नको तितके नकाशे पाहिले आणि त्यातून घबराटीखेरीज हाती काही लागले नाही. ठळक दाखवलेल्या मार्गरेषेवर आपले बेट नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, हेही आम्हाला उशिरा कळले. वादळ त्या रेषेपुरते नसते, त्याचा वारा आणि लाटा शेकडो किलोमीटर पसरलेल्या असतात.

आम्ही क्राइस्ट चर्च परगण्यात, दक्षिण किनाऱ्यावर, एका छोट्या भाड्याच्या घरात उतरलो होतो. घर तळमजल्यावर होते, छप्पर पत्र्याचे होते, समुद्राकडे तोंड करून मोठा सरकता काचेचा दरवाजा होता आणि दारापासून पाणी साठ पावलांवर होते. ज्या गोष्टींसाठी आम्ही ते घर निवडले होते, त्याच आता धोक्याच्या ठरल्या होत्या. रविवारी सकाळी आठ वाजता घरमालकीणबाई स्वतः आल्या आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की त्या स्वतः आतल्या भागात बहिणीकडे जात आहेत आणि आम्हीही येथे राहू नये. जुलै २०२१ मध्ये एल्सा हे हरिकेन आले तेव्हा त्यांच्या शेजाऱ्यांचे छप्पर उडाले होते. १९५५ च्या जॅनेटनंतर सहा दशकांहून अधिक काळ या बेटाला हरिकेनचा तडाखा बसला नव्हता, त्यामुळे एल्सापूर्वी लोक थोडे निर्धास्त झाले होते, असे त्या म्हणाल्या.

सासऱ्यांचा आग्रह घरातच राहण्याचा होता. "अरे, परक्या देशात, अनोळखी माणसांत, जमिनीवर झोपायचे, त्यापेक्षा दारे लावून इथेच बसू," असे ते माझ्या पतींना दोनदा म्हणाले. ते चुकीचे बोलत होते असे मला तेव्हाही वाटले नाही, कारण शहात्तराव्या वर्षी गुडघेदुखी असताना जमिनीवरून उठणे ही खरोखरच अडचण असते. परंतु आम्ही वादळाच्या श्रेणीचा विचार बाजूला ठेवून केवळ घराचा विचार केला : छप्पर कशाचे आहे, काच किती आहे, समुद्रापासून उंची किती आहे आणि रात्री दोन वाजता बाहेर पडावे लागले तर पडता येईल काय. चारही उत्तरे प्रतिकूल आली. सिमेंट-काँक्रीटच्या मोठ्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांची सोय हॉटेलच सभागृहात किंवा आतल्या मजल्यांवर करते. भाड्याच्या घरात उतरणाऱ्याला मात्र स्वतःची सोय स्वतःच पाहावी लागते, म्हणून हंगामात जाताना घर आरक्षित करण्यापूर्वीच छप्पर आणि उंची यांची चौकशी करावी.

निवाराकेंद्रांची यादी सरकारी आपत्ती व्यवस्थापन विभाग प्रसिद्ध करतो आणि ती बहुतांशी शाळांची असते. यादीतील प्रत्येक केंद्र वादळ चालू असताना उघडे नसते, काही केंद्रे वादळ सरल्यानंतर बेघर झालेल्यांसाठीच राखलेली असतात. म्हणून यादीतले सर्वांत जवळचे नाव पाहून निघू नये, आधी फोनवर किंवा रेडिओवर खात्री करावी. आम्ही घरमालकीणबाईंना विचारून आतल्या, उंचावरच्या एका शाळेचे नाव घेतले आणि अंधार पडण्यापूर्वीच पोहोचायचे ठरवले. विमानतळ रविवारी संध्याकाळी बंद झाला, दुकाने त्याआधीच बंद होऊ लागली, पेट्रोल पंपांवर रांगा होत्या आणि टॅक्सी मिळणे कठीण होत गेले. चार वाजता निघालो म्हणून टॅक्सी मिळाली, सहा वाजता ती मिळाली नसती.

निवाराकेंद्र म्हणजे छप्पर, भिंती, स्वच्छतागृह आणि देखरेख करणारी माणसे. अंथरूण, अन्न, पाणी आणि औषधे आपली आपण न्यायची असतात. ही गोष्ट नीट लक्षात न घेता आलेली दोन-तीन पर्यटक कुटुंबे त्या रात्री फार हाल सोसत होती. आम्ही घरातल्या चादरी, उशा आणि टॉवेल मालकीणबाईंच्या परवानगीने नेले. पिण्याचे पाणी माणशी चार लिटर घेतले. खाण्याच्या बाबतीत सासूबाईंची मोठी मदत झाली, कारण त्यांनी नाशिकहून सातूचे पीठ, मेतकूट, पातळ पोहे आणि गूळ आणला होता. सातूचे पीठ गूळ घालून थंड पाण्यात कालवले की पोटभर खाणे होते आणि पातळ पोहे चुलीशिवाय नुसत्या पाण्याच्या हबक्यावर मऊ होतात. डबाबंद अन्न नेणार असाल तर डबा उघडण्याचे साधन न विसरता न्यावे.

सर्वांत मोठी चिंता सासऱ्यांच्या इन्सुलिनची होती. त्यांच्या डॉक्टरांनी निघतानाच सांगितले होते की वापरात असलेले पेन (इन्सुलिन टोचण्याचे साधन) साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, परंतु न उघडलेली पेने थंड ठेवावी लागतात. आम्ही ती कापडात गुंडाळून, बर्फाचा थेट स्पर्श होणार नाही अशा रीतीने, तोंड रुंद असलेल्या थर्मासमध्ये ठेवली. प्रत्येक औषधाचे नियम वेगळे असतात, म्हणून हा प्रश्न प्रवासापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावा. पासपोर्ट, विम्याची कागदपत्रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या अंगावरच ठेवल्या होत्या. बार्बाडोसमध्ये पोलीस २११, अग्निशमन ३११ आणि रुग्णवाहिका ५११ असे तीन वेगळे क्रमांक आहेत. ते आम्ही कागदावर लिहून मुलीच्याही खिशात ठेवले.

शाळेत प्रवेश करताना प्रत्येकाचे नाव, वय आणि आजार वहीत नोंदवले गेले. सासऱ्यांचे वय आणि मधुमेह पाहून केंद्रप्रमुख बाईंनी आम्हाला स्वच्छतागृहाजवळचा कोपरा दिला आणि त्यांच्यासाठी दोन बाक जोडून वर अंथरूण घालण्यास परवानगी दिली. आपले आजार संकोचाने लपवू नयेत, ते सांगितल्यानेच ही सोय झाली. आमच्या वर्गात वीसेक माणसे होती, बहुतेक स्थानिक, त्यातही लाकडी घरांत एकटी राहणारी वृद्ध माणसे अधिक. त्यांचे वागणे पाहून आम्ही कसे वागावे ते शिकलो : आवाज हळू, रांग शांत, उजेड जपून. शेजारच्या आजीबाईंना सासूबाईंनी सातूचा वाडगा दिला आणि त्यांनी आम्हाला नारळ घातलेल्या गोड पावाचे जाड तुकडे दिले. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, तरी त्या रात्रभर एकमेकींना सांभाळून होत्या.

रात्री अकरापर्यंत वारा आपल्याकडच्या आषाढातल्यासारखाच वाटत होता. त्यानंतर त्याचा आवाज बदलला. आधी तो झोतांनी येत होता, आता मधली उसंत संपली आणि एकच खालचा, जड सूर सुरू झाला, जो भिंतीला टेकलेल्या पाठीला जाणवत होता. एकच्या सुमारास वीज गेली. खिडक्यांच्या झडपा बाहेरून फळ्यांनी बंद केलेल्या होत्या, तरी फटींतून पाणी पिचकारीसारखे येत होते आणि आम्ही आळीपाळीने टॉवेल पिळत होतो. बेरिलचे केंद्र बेटाच्या दक्षिणेकडून पश्चिमेला जात होते. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वादळाची उजवी, म्हणजे उत्तरेची बाजू अधिक जोरकस असते आणि आम्ही त्याच बाजूला होतो. पहाटे चार ते सात हा काळ सर्वांत कठीण गेला. मुलीने विचारले, "आई, छप्पर उडेल का?" मी तिला सांगितले की हे छप्पर काँक्रीटचे आहे आणि म्हणूनच आपण येथे आलो आहोत. ते सांगताना मला स्वतःलाही धीर आला. केंद्रप्रमुख बाई बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओवरील बातमी दर तासाला सर्वांना सांगत होत्या. फोनची बॅटरी राखून ठेवायची असेल तर असा छोटा रेडिओ सोबत असणे फार उपयोगाचे आहे.

दुपार टळल्यावर बाहेर पडण्यास हरकत नाही असे आम्हाला सांगण्यात आले. तोपर्यंत रेडिओवर ग्रेनाडा या जवळच्या कॅरिबियन देशातील कॅरिआकू बेटाची बातमी आली होती. सकाळी अकराच्या सुमारास बेरिल ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह त्या बेटावर धडकले होते. आमच्यापासून ते साधारण २०० किलोमीटरवर आहे. वर्गातील दोन स्त्रियांचे नातेवाईक तेथे होते आणि त्यांचे फोन लागत नव्हते. त्यांच्यासमोर आम्ही सामान आवरत असताना कोणीही मोठ्याने बोलले नाही.

परतल्यावर घराचे छप्पर जागेवर दिसले, पण काचेच्या दरवाजाची एक बाजू फुटली होती आणि आतल्या खोलीत घोट्यापर्यंत वाळूचे पाणी होते. माझ्या मुलीची गादी ज्या भिंतीलगत होती, तेथे काचा पडल्या होत्या. सासऱ्यांनी त्या स्वतः वेचायला घेतल्या, आम्ही त्यांना थांबवले. वादळानंतरच्या जखमा बहुधा अशाच होतात, म्हणून पायात जाड तळव्याचे बूट आणि हातात मोजे असल्याशिवाय काही उचलू नये, तुटलेल्या तारांजवळ जाऊ नये आणि समुद्र पाहायला किनाऱ्यावर जाऊ नये, कारण वारा पडल्यावरही लाटा मोठ्याच असतात. ब्रिजटाउनच्या मासळी बंदरात बुडालेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या होड्या आम्ही दुसऱ्या दिवशी दुरूनच पाहिल्या. मच्छीमारांच्या वर्षभराच्या कमाईचे साधन तेथे पडले होते आणि तेथे उभे राहून छायाचित्रे काढणे मला योग्य वाटले नाही.

आमचे २ जुलैचे विमान रद्द झाले. विश्वविजेता भारतीय संघही बेटावरच अडकला होता. तो आणि अनेक भारतीय पत्रकार ३ जुलैला एअर इंडियाच्या खास विमानाने निघाले आणि ४ तारखेला सकाळी दिल्लीत पोहोचले. आम्हाला विमान कंपनीने आधी मायामीमार्गे पर्याय दिला होता, तो नाकारावा लागला, कारण सासू-सासऱ्यांकडे अमेरिकेचा व्हिसा नव्हता आणि अमेरिकेत केवळ विमान बदलण्यासाठीही तो लागतो. बार्बाडोसमध्ये भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, परंतु बाहेर पडण्याचा मार्ग बदलला की ही अडचण उभी राहते. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी कॅनडाचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासावे आणि शक्यतो थेट विमानाचेच तिकीट काढावे. आम्ही अखेर ४ जुलैला थेट टोरांटोला परतलो.

प्रवासविमा आम्ही मार्चमध्ये, तिकिटांबरोबरच घेतला होता. वादळाला एकदा नाव मिळाले की त्यानंतर घेतलेल्या विम्यातून त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही, त्यामुळे इशारा पाहून विमा घेऊ असे म्हणून चालत नाही. वाढलेल्या दोन रात्रींच्या मुक्कामाच्या पावत्या, टॅक्सीची हस्तलिखित पावती आणि विमान रद्द झाल्याचा विमान कंपनीचा लेखी संदेश आम्ही जोडला. टॅक्सीचालकाकडून पावतीवर तारीख घालून घेणे राहिले होते, म्हणून तेवढी रक्कम नाकारली गेली. बाकीची सात आठवड्यांनी मिळाली.