डेबियनवर कानबाईची गाणी रेकॉर्ड करताना

खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी नीट रेकॉर्ड करायची म्हणून जळगावात जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढा संच जमवला.

लिनक्सवर आवाज आला नाही की लोक आधी ड्रायव्हर शोधायला धावतात. ‘क्लास कंप्लायंट’ म्हणजे यूएसबीचे ठरलेले नियम पाळणाऱ्या इंटरफेसचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच असतो. टर्मिनलमध्ये ‘एप्ले -एल’ ही आज्ञा दिल्यावर साउंड कार्डांच्या यादीत इंटरफेसचं कार्ड दिसलं, की ड्रायव्हरचा विषय बहुतेक संपला. माझ्याकडे शून्य क्रमांकावर मॉनिटरचं एचडीएमआय होतं आणि आवाज तिकडेच जात होता. क्रमांकावर विसंबू नये, मशीन पुन्हा सुरू केल्यावर तो बदलू शकतो. सेटिंगमध्ये कार्डाचं नावच द्यावं.

मग अल्सामिक्सर, म्हणजे टर्मिनलमधलं आवाजाच्या पट्ट्यांचं पॅनल. एफ६ दाबून कार्ड निवडायचं. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर ती म्यूट आहे, एम दाबून उघडायची. एफ४ दाबलं की रेकॉर्डिंगच्या पट्ट्या दिसतात. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात; त्याचं बटण बहुधा इंटरफेसच्या पेटीवरच असतं, ते स्क्रीनवर शोधत बसू नये.

डेबियन १२ च्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये आवाजाचा कारभार पाइपवायर पाहतं. आर्डरसाठी जॅक हा रेकॉर्डिंगचा ऑडिओ सर्व्हर वेगळा चालवला की दोघं एकाच कार्डावर हक्क सांगतात आणि ‘डिव्हाइस बिझी’ येतं. त्याऐवजी जॅकचं काम पाइपवायरकडूनच करून घेणारं ‘पाइपवायर-जॅक’ पॅकेज टाकलं, आर्डर ‘पीडब्ल्यू-जॅक’मार्फत उघडलं आणि त्यात जॅक निवडलं.

खरी कसरत बफरची, म्हणजे आवाजाचा एकेक तुकडा साठवून पुढे पाठवण्याची. ४८,००० हर्ट्झवर १०२४ फ्रेम म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, तेही एका बफरचे. माइकपासून हेडफोनपर्यंतचा उशीर याहून जास्त भरतो. गाणारीला स्वतःचा आवाज मागून आला की लय सुटते. ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ने क्वांटम (पाइपवायरमधला बफरचा आकार) २५६ वर आणला, म्हणजे ५.३ मिलिसेकंद. १२८ वर आवाज तडतडायला लागला. ‘पीडब्ल्यू-टॉप’मधला ‘ईआरआर’चा आकडा वाढत असेल तर बफर वेळेत भरत नाहीये. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ची, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमधून न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असेल तर मात्र ही ओढाताण करूच नये: ते चालू करावं आणि १०२४ वर निवांत रेकॉर्डिंग करावं.

गाणी श्रावणातली, पण बायकांना सवड पेरणीआधी, म्हणजे ऐन मेमध्ये. बाहेर ४४ अंश आणि माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा-कूलर बंद. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि हिवाळ्यात २५६ वर बिनतक्रार चालणारं मशीन दुपारी तडतडतं. हीटसिंकमधली धूळ काढली, दुपारपुरतं ५१२ केलं. यूएसबी हबही काढून इंटरफेस थेट मागच्या पोर्टला लावला.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण शिरते, आणि तिला अल्सामिक्सरमध्ये पट्टी नाही.