गाडी का तापली, ते आधी शोधायचं : आमच्या गॅरेजची वाटचाल

खेडला भरणे नाक्याजवळ आबांनी गॅरेज टाकलं तेव्हा हा रस्ता १७ नंबरचा महामार्ग होता आणि आमचं निम्मं घर कशेडी घाटावर चालायचं. मुंबईकडून आलेली भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत घाट चढायची. इंजिनावर जोर पुरा, पण वेग नाही म्हणून रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या, जाळीला वारा नाही. खाली उतरेपर्यंत बॉनेटमधून वाफा. अँबॅसेडर असो, पद्मिनी असो की जीप, पाण्याचा कॅन सोबत घेऊनच लोक निघत. आबा रेडिएटरला डाग मारून देत, फॅन बेल्ट ताणून देत, की गाडी पुढे चिपळूणच्या वाटेला.

तेव्हाचा एक सर्रास इलाज म्हणजे थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून फेकायचा. 'कोकणात कुठली आलीये थंडी?' आबांनी तो कधी केला नाही, मीही करत नाही. हा वॉल साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तो काढला की इंजिन गारच राहतं, पेट्रोल-डिझेल जास्त पितं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

मी हाताशी आलो तोवर गाड्या बदलल्या होत्या. पंखा विजेवर गेला, रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या आल्या, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं झालं. बिडाचं जुनं हेड बरंच सोसायचं, हे मात्र एकदा नीट तापलं की वाकतं. मग हेडखालचं गॅस्केट बदला, फेसिंग म्हणजे हेड घासून सपाट करा, मोठा खर्च. म्हणून आम्ही तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. 'मेस्त्री, नुसतं बघायचे कसले पैसे?' असं म्हणून गाडी वळवून नेणारेही होते. त्यातले बरेच नंतर परत आले.

आमची तपासणी निम्मी बोलण्यातच होते. रस्त्याला ठीक आणि ट्रॅफिकमध्ये तापते? तर पंखा, रिले, स्विच बघायचा. गावात ठीक आणि चढाला तापते? तर रेडिएटर किंवा वॉटर पंप. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाईप, चटका देतोय आणि खालचा गार? मग वॉलवर संशय. थंड इंजिन सुरू केल्या केल्या होज दगडासारखा टणक झाला, तर हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात शिरतोय. रेडिएटरचं झाकणसुद्धा तपासतो. ते दाब धरतं म्हणूनच आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली, तर बाकी सगळं नवं घालूनही गाडी पाणी बाहेर टाकते. गरम गाडीचं झाकण उघडू नका, हे मात्र आजही दर मोसमात सांगावं लागतं.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या गाड्या आमच्याकडे वर्षभर येत होत्या. एक लक्षात राहिली. वॉल नवा, वॉटर पंप नवा, रेडिएटर आतून फ्लश केलेला, तरी भोस्ते घाटात तापमानाचा काटा वर. मालक जाता जाता बोलून गेले, 'एसीपण हल्ली बरा लागत नाही.' तिथेच धागा मिळाला. समोरचा बंपर उतरवला, कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी, पुढे ओढला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पुराचा गाळ वाळून घट्ट बसला होता, खरवसाच्या वडीसारखा. गाडी बाहेरून चकाचक धुतलेली, पण या फटीत पाणी पोचतच नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे असं मंद पाणी सोडून तो काढला. प्रेशर मारला असता तर जाळीच्या पात्या मुडपल्या असत्या. एकही पार्ट लागला नाही. मजुरी घेतली आणि घाटात फिरवून गाडी दिली.

कशेडीचा बोगदा सुरू झाला, तसा घाटातला धंदा आटला. आता काम गणपतीचं. चाकरमानी तासन् तास जाममध्ये, एसी चालू, पंखा बंद पडलेला. म्हणून आम्ही श्रावणातच नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करतो : पंखा लागतो का बघून घ्या, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, जुनं असेल तर बदला, विहिरीचं पाणी भरू नका. भाचा आता स्कॅनर चालवतो. कूलंटचं तापमान अंशात दिसतं, गाळ त्यात दिसत नाही, म्हणून बंपर अजून मीच उतरवतो.

इलेक्ट्रिक गाड्याही नाक्यावर दिसू लागल्यात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीला थंड ठेवायला कूलंटच फिरतं, पण हाय व्होल्टेजचं रीतसर शिक्षण झाल्याशिवाय आतल्या कामाला हात लावायचा नाही, असं ठरवलंय. भाच्याला त्यासाठी पुण्याला पाठवायचं चाललंय.