मंगळावरचा बर्फ फोटोत का दिसत नाही?

"मंगळावर बर्फ आहे म्हणता, मग फोटोत जिकडेतिकडे तांबडी धूळच कशी?" ग्रहांवर बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण बघतो ते बहुतेक फोटो रोव्हरचे, आणि रोव्हर उतरवतात विषुववृत्तापासून फार लांब न जाता. तिथे उघडा बर्फ टिकत नाही. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. २००८ साली फिनिक्स यान उत्तरेला ६८ अंशांवर उतरलं. त्याने जमीन उकरली, तर काही सेंटिमीटरांवरच पांढरे खडे! मीठ असेल, अशीही शंका निघाली. चार दिवसांनी पुन्हा फोटो घेतला तर खडे गायब. मीठ असं उडून जात नाही.

थोडक्यात, तिथला बर्फ मातीचं पांघरूण घेऊन तग धरतो. त्याला रंगावरून नव्हे, जमिनीच्या घडणीवरून ओळखायचं. फिनिक्सच्या भोवतालची जमीन थंडीने आक्रसून, तडकून बहुभुजांत विभागलेली होती. मध्य अक्षांशांत डोंगरांच्या पायथ्याशी दगडमातीचे सुरकुतलेले पट्टे दिसतात. रडारने आत डोकावल्यावर कळलं की दगडमाती वरवरचीच, खाली गाडलेल्या हिमनद्या आहेत.

माझे लाडके म्हणाल तर दक्षिण ध्रुवाजवळचे 'कोळी'. मध्यातून चहूकडे फाटे फुटलेले चर, काहींचा पसारा किलोमीटरभर. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते वाळलेले ओढेच वाटले होते. पण इथे पाण्याचा संबंधच नाही. हा बर्फ कार्बन डायऑक्साइडचा. हिवाळ्यात त्याची अर्धपारदर्शक लादी जमते. वसंतात ऊन त्यातून आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, आणि लादी वरून नव्हे, बुडापासून उडू लागते. कोंडलेला वायू फट शोधत जमीन कोरत धावतो आणि धूळ घेऊन कारंज्यासारखा उसळतो. वारा त्या धुळीचे काळे पंखे पसरवतो. वर्षानुवर्षं हेच चालतं, चर खोल होत जातात. पृथ्वीवर याला जोड नाही, म्हणून तर इतकं आवडतं.

बाकी, पांढरा बर्फ बघायचाच असेल तर ८२ किलोमीटर रुंदीचं कोरोलेव्ह विवर आहे, बर्फाने भरलेलं. पण ते थेट उत्तरेकडे.

आणि एकदा उल्केनेच पांघरूण फाडलं. २४ डिसेंबर २०२१ ला इनसाइट यानाच्या कंपनमापकाने ४ तीव्रतेचा धक्का नोंदवला. पुढे कक्षेतून घेतलेल्या फोटोंत सुमारे १५० मीटरचं ताजं विवर सापडलं, भोवती पांढरी ढेकळं विखुरलेली, तीही अवघ्या ३५ अंशांवर! उघड्यावर पडलेली ती ढेकळंही फिनिक्सच्या खड्यांसारखी विरत जाणार, हे ओघानंच आलं.