शिंगे नसलेले वायकिंग

वायकिंग म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनकडचे समुद्रमार्गे धाडी घालणारे लढवय्ये. त्यांचे नाव निघाले की शिंगांचे शिरस्त्राण डोळ्यांसमोर येते, आणि लातूरकडच्या शाळांतील मुलेही त्याला अपवाद नाहीत. आमच्या स्नेहसंमेलनात सातवीतील एक विद्यार्थी वायकिंग होऊन आला, तेव्हा त्याच्या आजोबांनी दुचाकीच्या जुन्या हेल्मेटला पुठ्ठ्याची शिंगे चिकटवून त्यांवर पोळ्याला उरलेली बेगड गुंडाळली होती. परीक्षक या नात्याने मी त्याला बक्षीस दिले, कारण वेशभूषेच्या स्पर्धेत पुरावे मागू नयेत असे माझे मत आहे. इतिहासाच्या तासाला मात्र पुरावे मागावेच लागतात.

वायकिंग काळ साधारणपणे इ. स. ७९३ मधील इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरील मठावर झालेल्या हल्ल्यापासून १०६६ पर्यंतचा मानला जातो. या काळातील शिंगांचे एकही शिरस्त्राण आजवर सापडलेले नाही. किंबहुना त्या काळातील साधी शिरस्त्राणेही फारच थोडी हाती आली आहेत. नॉर्वेतील जेरमुंडबू येथील शेतात १९४३ मध्ये दहाव्या शतकातील एका दफनात लोखंडी तुकडे मिळाले आणि ते जोडल्यावर जे शिरस्त्राण उभे राहिले ते गोल टोपीच्या आकाराचे असून डोळ्यांभोवती चष्म्यासारखी जाड लोखंडी पट्टी आहे, माथ्यावर एक लहानसे टोक आहे आणि त्याच्याबरोबर कड्यांच्या चिलखताचे अवशेषही होते. लढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास या गोल घडणीचे कारण सहज कळते. गुळगुळीत गोलाईवरून तलवारीचा वार घसरून जातो, तर शिंगात तो अडकतो आणि मानेला हिसका बसतो. शिवाय घडीव लोखंड महाग असल्याने सामान्य लढवय्याच्या डोक्यावर असे काही असेल याचीच शक्यता कमी.

मग शिंगे आली कुठून? ती निव्वळ कपोलकल्पित नाहीत, आणि मला या प्रकरणातील हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. डेन्मार्कमधील वेक्सो येथे १९४२ मध्ये दलदलीतून कांस्याची दोन शिरस्त्राणे निघाली. लांब वळणदार शिंगे, वटारलेले डोळे आणि चोच असा त्यांचा थाट आहे. त्यांवर राहिलेल्या भूर्जवृक्षाच्या डांबरावरून केलेले कालमापन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ती इ. स. पू. ९०० च्या सुमाराची ठरली, म्हणजे वायकिंगांच्याही सुमारे १,७०० वर्षे आधीची. ती रणांगणासाठी नसून विधीसाठी असावीत, असे अभ्यासक मानतात. वायकिंग काळातही शिंगे अगदीच अनोळखी नव्हती, कारण नॉर्वेतील ओसेबर्ग येथील इ. स. ८३४ च्या दफनातील विणलेल्या पटावर शिंगे धारण केलेली आकृती आहे. परंतु तीही योद्ध्यापेक्षा विधीतील पात्रासारखी दिसते.

ही समजूत लोकांच्या मनात पक्की केली ती रंगभूमीने. जर्मनीतील बायरॉइट येथे १८७६ मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर याची, उत्तर युरोपातील पुराणकथांवर आधारलेली ‘निबेलुंगची अंगठी’ ही संगीतनाट्यमालिका प्रथमच संपूर्ण सादर झाली, तेव्हा वेशभूषाकार कार्ल एमिल डोप्लर याने काही पात्रांच्या डोक्यावर शिंगे चढवली. त्याआधीच्या स्वीडिश चित्रांतही तशी शिंगे दिसतात, पण प्रसार केला तो रंगमंचाने आणि त्याच्या छापील प्रतिमांनी. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातील चित्रांनी लक्ष्मी-सरस्वतीचे रूप घरोघरच्या देवघरांत जसे कायम केले, तसेच हेही घडले. फरक इतकाच की देवतांचे रूप पडताळून पाहण्यासाठी कोणी जमीन उकरत नाही.

जेरमुंडबूच्या जोडीला नंतर इंग्लंडमधील यार्म या गावचे शिरस्त्राण आले. १९५० च्या दशकात सांडपाण्याच्या नळासाठी चर खोदणाऱ्या कामगारांना ते मिळाले आणि २०२० मध्ये डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासातून ते दहाव्या शतकातील असल्याचे स्पष्ट झाले. जवळपास अखंड म्हणावीत अशी त्या काळातील शिरस्त्राणे ही दोनच, आणि शिंगे बसवल्याची खूण त्यांतील एकावरही नाही.